आरोपपत्रात नाव नव्हतं, तरी साडेआठ महिने तुरुंग: स्नेहलता रेड्डी

आणीबाणीचा विषय निघाला की आपल्याकडे ठरलेली नावं येतात. जयप्रकाश, मोरारजी, अटलजी, अडवाणी, जॉर्ज. महाराष्ट्रातले असाल तर मधू दंडवते, मृणाल गोरे, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात उभ्या राहिलेल्या दुर्गाबाई भागवत. दर वर्षी 25 जून आला की पोस्टी फिरतात. एक बाजू म्हणते लोकशाहीचा खून, दुसरी म्हणते गाड्या तरी वेळेवर धावायच्या. आता तर केंद्र सरकारने 2024 पासून हा दिवस 'संविधान हत्या दिवस' म्हणून जाहीरच केलाय. आपल्या राज्यात आणीबाणीतल्या बंदिवानांचं मानधन 2018 मध्ये सुरू झालं, सरकार बदलल्यावर 2020 मध्ये बंद पडलं, पुन्हा सरकार बदलल्यावर 2022 मध्ये परत सुरू झालं. म्हणजे कोण तुरुंगात होतं याचा हिशेबसुद्धा सत्तेत कोण आहे यावर ठरतो.

या सगळ्या गदारोळात एक नाव क्वचितच ऐकू येतं. स्नेहलता रेड्डी. नटी, नाटकवाली, समाजवादी कार्यकर्ती. 2 मे 1976 ला अटक झाली, 15 जानेवारी 1977 ला पॅरोलवर सुटका झाली आणि पाच दिवसांनी, 20 जानेवारीला त्या गेल्या. खटला चालला नाही. ज्या प्रकरणाच्या नावाखाली धरलं, त्याचं आरोपपत्र कोर्टात गेलं तेव्हा त्यात त्यांचं नावसुद्धा नव्हतं.

आज त्यांच्याबद्दल सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. पण वाचा.

स्नेहलतांचा जन्म 1932 चा, आंध्रातला. घराणं धर्मांतरित ख्रिश्चन. देश पारतंत्र्यात होता आणि या मुलीला इंग्रजी राज्याचा मनापासून संताप. इतका की तिने आपलं भारतीय नाव परत घेतलं आणि कपडेही देशीच वापरायचे ठरवलं. पुढे लग्न केलं ते तिक्कवरपु पट्टाभिराम रेड्डी यांच्याशी. हा माणूस तेलुगूतला बंडखोर कवी. त्यांचा पहिला संग्रह 1939 मध्ये आला तेव्हा छंद आणि व्याकरण दोन्ही मोडल्यामुळे तेलुगू साहित्यात मोठी खळबळ उडाली होती. कवी, मग चित्रपट निर्माते, पुढे दिग्दर्शक.

दोघंही डॉ. राममनोहर लोहियांच्या विचारांची. गोव्यातल्या वाचकांना लोहिया कोण हे सांगायची गरज नाही. 18 जून 1946 ची मडगावची सभा तिथे अजून विसरलेले नाहीत. पण दक्षिणेत, विशेषतः कर्नाटकात, लोहियांचा प्रभाव वेगळ्या वाटेने गेला. तो साहित्यात आणि नाटक-सिनेमात उतरला. यू. आर. अनंतमूर्ती, पी. लंकेश ही मंडळी त्याच वातावरणात वाढलेली. जात, लिंगभेद, भाषा हे प्रश्न पक्षाच्या जाहीरनाम्यापुरते न राहता कथा-कादंबऱ्यांतून घरोघरी पोचले. स्नेहलता या वर्तुळातल्या.

मद्रासमध्ये असताना त्या 'मद्रास प्लेयर्स' या इंग्रजी नाटकं करणाऱ्या हौशी संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. इब्सेन, आर्थर मिलर, टेनेसी विल्यम्स यांची नाटकं तिथे होत. म्हणजे रंगभूमीची चांगली तालीम झालेली. सिनेमा मात्र उशिरा आला, वयाच्या अडतिशीच्या आसपास. आणि पहिलाच सिनेमा असा आला की कन्नड चित्रपटाचा इतिहास त्याच्या आधीचा आणि नंतरचा असा सांगितला जातो.

तो सिनेमा म्हणजे 'संस्कार'. साल 1970. कादंबरी अनंतमूर्तींची, पटकथा गिरीश कार्नाड यांची, दिग्दर्शन पट्टाभिराम रेड्डी यांचं. कार्नाड आपल्याला परके नाहीत. जन्म माथेरानचा, मराठी रंगभूमीशी जुनं नातं. या सिनेमात प्राणेशाचार्यांची मुख्य भूमिका त्यांनीच केली. लंकेश झाले नारणप्पा. आणि चंद्री झाल्या स्नेहलता.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. एका अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणवस्तीत, नारणप्पा नावाचा ब्राह्मण मरतो. याने आयुष्यभर सगळे आचार मोडलेले. मांस खाल्लं, दारू प्यायला, चंद्री नावाच्या खालच्या मानल्या गेलेल्या जातीतल्या बाईला घरात आणून तिच्याबरोबर राहिला. आता त्याचा अंत्यसंस्कार करायचा कोणी? जो करेल तो बाटेल. केला नाही तर प्रेत पडून राहणार, आणि प्रेत उठेपर्यंत अग्रहारात कोणाच्या घरी चूल पेटणार नाही. सगळे विद्वान प्राणेशाचार्यांकडे जातात. ते पोथ्या उलगडतात. पोथीत उत्तर सापडत नाही. मग मारुतीच्या देवळात जाऊन देवाला विचारतात. देवही बोलत नाही. इकडे प्रेत कुजायला लागलेलं, उंदीर मरून पडतायत, प्लेग पसरतोय.

या सगळ्यात चंद्री काय करते? सुरुवातीलाच अंगावरचे दागिने काढून समोर ठेवते, हे घ्या पण त्याचे संस्कार करा म्हणते. तर दागिने पाहून ब्राह्मणांचा वाद आणखी वाढतो. शेवटी ती एका मुसलमान ओळखीच्या माणसाला गाठते आणि रातोरात प्रेताला अग्नी देऊन मोकळी होते. तिच्यापुढे शास्त्राचा पेच नव्हताच. समोर एका माणसाचं शरीर आहे, त्याची व्यवस्था लागली पाहिजे, एवढंच तिला दिसत होतं.

मद्रासच्या सेन्सॉरने हा सिनेमा अडवला. जातीवरची टीका इतकी थेट आहे की तणाव निर्माण होईल, हे कारण. पुढे केंद्राच्या माहिती आणि नभोवाणी खात्याने बंदी उठवली. आणि त्याच सिनेमाला त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. कन्नड सिनेमाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. ज्याला एका दाराने बंदी, त्यालाच दुसऱ्या दाराने सुवर्णपदक. सरकार नावाच्या यंत्रणेची ही गंमत स्नेहलतांनी तेव्हाच जवळून पाहिली.

पाच वर्षांनी तीच यंत्रणा वेगळ्या रूपात दारात आली.

25 जून 1975 च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी अडवाणी, वाजपेयी, श्यामनंदन मिश्र आणि मधू दंडवते या चार खासदारांना बंगळूरमध्ये अटक झाली. संसदीय समितीच्या कामासाठी ते तिथे आलेले होते. म्हणून आपले राजापूरचे खासदार दंडवते यांचा तुरुंगवास बंगळूरच्या मध्यवर्ती कारागृहात गेला, आणि प्रमिलाताई दंडवते इकडे येरवड्याला. नवरा-बायको दोन राज्यांतल्या दोन तुरुंगांत, मधे फक्त पत्रं. बंगळूरचा तो तुरुंग लक्षात ठेवा, पुढे संबंध येणार आहे.

जॉर्ज फर्नांडिस मात्र सापडले नाहीत. वेषांतर करून भूमिगत झाले. मुंबईच्या कामगारांचा हा नेता, 1974 च्या रेल्वे संपाचा सूत्रधार. त्याने ठरवलं की सत्याग्रहाने हे सरकार हलणार नाही. डायनामाइट मिळवून रेल्वेमार्ग, सरकारी इमारती उडवायच्या, सरकारला हादरा द्यायचा, मात्र माणूस मरता कामा नये, अशी ती योजना. हीच ती बडोदा डायनामाइट केस. मार्ग बरोबर होता का? माझ्या मते नव्हता. स्फोटकं हाताळताना माणूस मरणार नाही याची हमी कोणालाच देता येत नाही. पण तो वेगळा वाद आहे, आणि त्या वादाचा निवाडा करायची जागा न्यायालय असते.

रेड्डी कुटुंब जॉर्ज यांच्या जवळचं. भूमिगत असताना त्यांचा या घराशी संपर्क होता, हे लपवण्यात अर्थ नाही. आणीबाणीला विरोध स्नेहलता उघडपणे करत होत्या आणि भूमिगतांना मदतही करत होत्या. त्यामुळे पोलिसांची नजर त्यांच्यावर पडली यात नवल नाही.

आता तारखा नीट बघा. माझ्या दृष्टीने या गोष्टीचा कणा त्या तारखांमध्ये आहे.

28 एप्रिल 1976. सर्वोच्च न्यायालयाने एडीएम जबलपूर खटल्याचा निकाल दिला. प्रश्न साधा होता. सरकारने मिसाखाली एखाद्याला कारण न सांगता उचललं, तर तो 'मला का धरलं' असं विचारत कोर्टात जाऊ शकतो का? देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी होय म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी नाही म्हटलं. सुनावणीत न्या. एच. आर. खन्ना यांनी महान्यायवादी नीरेन डे यांना विचारलं होतं की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून माणूस मारला तरी दाद मागता येणार नाही का? उत्तर आलं की आणीबाणी आहे तोवर नाही. विरोधात मत नोंदवणारे खन्ना एकटे. बहुमतातल्या चार न्यायमूर्तींत आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते.

1 मे 1976. जॉर्ज यांचे धाकटे बंधू लॉरेन्स फर्नांडिस यांना बंगळूरमध्ये पोलिसांनी उचललं. जॉर्ज कुठे आहेत ते सांग म्हणून कोठडीत इतकं मारलं की त्यांना नीट उभंही राहता येईना.

2 मे 1976. स्नेहलता रेड्डी यांना अटक.

म्हणजे 'मला का धरलं' हे विचारायचं दार देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने बंद केलं, आणि चार दिवसांनी ही बाई आत गेली. तिच्या बाजूने उभं राहायला वकील होते, मित्र होते, नाव होतं, राष्ट्रीय पारितोषिक मिळालेला सिनेमा होता. पण अर्ज घेऊन जायचं कुठे? पोथीत उत्तर नाही आणि देवही बोलत नाही.

सुरुवातीला कटाचे आरोप लावले, मग त्या गळून पडल्यावर मिसा लावला. मिसा लावला की काहीच सिद्ध करावं लागत नाही. 10 जूनला जॉर्ज कलकत्त्यात पकडले गेले. स्नेहलतांकडून जॉर्जचा पत्ता काढायचा असेल, तर तो उद्देशही आता संपला होता. तरी त्या आतच. पुढे सीबीआयने जॉर्ज आणि इतर 24 जणांवर आरोपपत्र ठेवलं. स्नेहलतांचं नाव त्यात नाही. तरीही त्या आतच.

हे परत एकदा वाचा. ज्या गुन्ह्यासाठी धरलं, तो गुन्हा तुम्ही केलाय असं तपास यंत्रणाच म्हणत नाही. आणि तरी तुम्हाला सोडत नाहीत.

आता त्या तुरुंगाबद्दल. स्नेहलतांना दम्याचा जुना आणि जोरदार त्रास. ठेवलं एकटीला, छोट्या कोठडीत. झोपायचं जमिनीवर. ज्यांच्या घरात दम्याचं माणूस आहे त्यांना सांगायला नको की ओल, धूळ, थंड फरशी आणि मनावरचा ताण या चार गोष्टींनी काय होतं. रात्री दोन वाजता श्वास अडकला तर बसून राहावं लागतं, खिडकी उघडावी लागते, कोणीतरी पाठीवर हात ठेवावा लागतो. औषध वेळेवर लागतं. आणि त्यांना नियमित उपचार मिळाले नाहीत.

त्याच कारागृहात दुसरीकडे मधू दंडवते होते. त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की रात्रीच्या शांततेत स्नेहलतांच्या कोठडीतून किंकाळ्या ऐकू यायच्या. दंडवते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, शब्द मोजून वापरणारा माणूस. त्यांनी हे लिहावं म्हणजे काय असेल याची कल्पना करा. भिंतीपलीकडे एक ओळखीची बाई गुदमरतेय, आणि अलीकडे संसदेचे सदस्य बसलेत ज्यांना काहीही करता येत नाही.

स्नेहलतांनी तुरुंगात रोजनिशी लिहिली. त्यांच्या मृत्यूनंतर 1977 मध्ये कर्नाटकातल्या मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या मंडळींनी ती छापली. त्यात स्वतःच्या दुखण्याबद्दल आहेच. पण इतर बायकांबद्दल जे आहे ते वाचताना जास्त अस्वस्थ व्हायला होतं. कारण त्या राजकीय कैदी होत्या, शिकलेल्या होत्या, इंग्रजी बोलणाऱ्या होत्या. आजूबाजूच्या कैदी बायका चोरीच्या, वेश्याव्यवसायाच्या, किरकोळ भांडणाच्या गुन्ह्यातल्या. त्यांच्याबद्दल लिहिणारं कोणीच नव्हतं.

नवीन बाई तुरुंगात आली की सगळ्यांसमोर तिचे कपडे उतरवून झडती घेतली जायची, हे त्यांनी नोंदवलंय. आणि त्यावर त्यांनी जो प्रश्न विचारलाय त्याचा मथितार्थ असा की शिक्षा झाली ना, तीच पुरेशी आहे. त्यावर माणसाच्या शरीराची विटंबना कशासाठी? यातून साधतं काय? त्या नुसतं लिहून थांबल्या नाहीत. बायकांना होणाऱ्या मारहाणीविरुद्ध बोलल्या, जेवणाच्या दर्जावरून भांडल्या, काही सुधारणा पदरात पाडूनही घेतल्या. नाटकवाली बाई, त्यामुळे कैदी बायकांना जमवून गाणी, छोटी नाटुकली असंही काही करत राहिल्या. स्वतःला श्वास पुरत नसताना.

कार्यकर्ती हा शब्द हल्ली स्वस्त झालाय. चार निवेदनांवर सह्या केल्या, दोन मोर्चात फोटो काढले की नावापुढे लागतो. स्नेहलतांनी तो तुरुंगात निभावला, जिथे फोटो काढणारं कोणी नव्हतं आणि बाहेरच्या वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसलेला होता.

जानेवारी 1977 उजाडला तोवर तब्येत पूर्ण ढासळली. फुप्फुसांना संसर्ग झालेला. 15 तारखेला पॅरोलवर सोडलं. पॅरोल, सुटका नव्हे! कागदोपत्री त्या अजून कैदीच. सरकारला तोवर कळून चुकलं असावं की ही बाई आपल्या ताब्यात मेली तर उत्तर द्यावं लागेल.

18 जानेवारीला इंदिरा गांधींनी निवडणुका जाहीर केल्या. नेत्यांच्या सुटका सुरू झाल्या. त्याच बंगळूरच्या तुरुंगातून अडवाणी बाहेर आले. देशभर लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि 20 जानेवारीला स्नेहलतांचा श्वास थांबला. वय जेमतेम चव्वेचाळीस-पंचेचाळीस.

आणखी एक तारीख. त्याच महिन्याच्या अखेरीला सरकारने सेवाज्येष्ठता डावलून न्या. खन्ना यांच्याऐवजी न्या. बेग यांना सरन्यायाधीश केलं. खन्नांनी राजीनामा दिला. 'का धरलं हे विचारता आलं पाहिजे' असं म्हणणारा एकमेव न्यायमूर्ती आणि ज्यांना ते विचारता आलं नाही त्या स्नेहलता, दोघांचीही वाट त्या एकाच महिन्यात संपली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मार्च 1977 मध्ये इंदिराजी स्वतः हरल्या. जॉर्ज तुरुंगातूनच मुजफ्फरपूरला तीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आले, डायनामाइट खटला मागे घेतला गेला. वाजपेयी परराष्ट्र मंत्री, अडवाणी माहिती मंत्री, दंडवते रेल्वे मंत्री. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दंडवत्यांनी फोम बसवला, त्यावर झोपून आपण कोकणात आणि कुठे कुठे गेलो. एका तुरुंगातून तीन केंद्रीय मंत्री निघाले. त्याच तुरुंगातून एक बाई निघाली ती स्मशानात गेली. मंत्र्यांची चरित्रं लिहिली गेली. तिच्या वाट्याला एक पातळशी रोजनिशी.

असं का झालं असेल? एक तर ती दक्षिणेतली, आपल्या उत्तरकेंद्री इतिहासात बसत नाही. दुसरं, ती कोणत्याच मोठ्या पक्षाच्या कामाची नाही. काँग्रेसला तिची आठवण नको, हे उघड आहे. भाजपला आणीबाणी हवी, पण लोहियावादी, ब्राह्मण्यावर कोरडे ओढणाऱ्या सिनेमाची नायिका कितपत परवडणार? समाजवाद्यांचे इतके तुकडे झाले की त्यांना स्वतःच्याच माणसांच्या पुण्यतिथ्या आठवत नाहीत. तिसरं म्हणजे ती बाई आणि त्यात नटी. नटीने तुरुंगात जावं हे आपल्याला पटकन पचत नाही.

नंतर कायदे बदलले हे मान्य करायला हवं. मिसा रद्द झाला. 44 व्या घटनादुरुस्तीने आणीबाणी असली तरी जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, म्हणजे कलम 21, स्थगित करता येणार नाही असं ठरलं. एडीएम जबलपूरचा निकाल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुसून टाकला. तो चुकीचा होता असं लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव. वडिलांची चूक मुलाने दुरुस्त केली म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. वाजवाव्यातच.

पण टाळ्या वाजवून झाल्यावर थोडं आजूबाजूला पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार भारतातल्या तुरुंगांत 5,73,220 कैदी होते. त्यातले 4,34,302 कच्चे कैदी. म्हणजे चारातले तीन जण असे, ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही. बहुतेकांची नावं तुम्हाआम्हाला कधी कळणार नाहीत. स्नेहलतांच्या बराकीतल्या त्या बायकांसारखीच ही माणसं.

आणि एक नाव कळलेलं. फादर स्टॅन स्वामी. ऑक्टोबर 2020 मध्ये रांचीहून अटक, ठेवलं आपल्या नवी मुंबईजवळच्या तळोजा तुरुंगात. वय 80 च्या पुढे, कंपवाताचा आजार. हात थरथरतात, पेला धरता येत नाही, म्हणून पाणी प्यायला नळी आणि झाकणाचा पेला द्या असा अर्ज करावा लागला आणि त्यावर उत्तर द्यायला तपास यंत्रणेने 20 दिवस मागितले. 5 जुलै 2021 ला मुंबईच्या रुग्णालयात ते गेले. त्याच दिवशी उच्च न्यायालयात त्यांच्या जामिनाची सुनावणी होती.

दोन्ही प्रकरणं एकसारखी नाहीत, हे मला कळतं. तेव्हा आणीबाणी होती, आता नाही. स्टॅन स्वामींचं नाव आरोपपत्रात होतं, स्नेहलतांचं नव्हतं. आरोप खरे होते की खोटे, ते खटला चालला असता तर ठरलं असतं. पण तो चाललाच नाही, दोन्हीकडे. सरकारं वेगळी, पक्ष वेगळे, साल वेगळं. आजारी माणूस, बंद कोठडी, पुढे सरकणारी तारीख आणि शेवटी दवाखान्याचा दाखला, एवढं मात्र तेच.

काही जण आता खाली लिहितील की तेव्हा तुम्ही कुठे होता, आणि दुसरे लिहितील की आत्ता तुम्ही कुठे आहात. दोघांनाही माझी विनंती एकच. तुमच्या नावडत्या सरकारने धरलेल्या माणसाबद्दल कळवळा येणं सोपं आहे. तुमच्या आवडत्या सरकारने धरलेल्या, तुम्हाला अजिबात न पटणाऱ्या माणसाबद्दल तुम्ही 'खटला चालवा, नाहीतर सोडा, आणि तोवर औषध तरी द्या' एवढं म्हणू शकता का? तेवढं म्हणता आलं तर 25 जूनला तुम्ही काय पोस्ट टाकता याला अर्थ आहे.

'संस्कार' पुन्हा पाहायला मिळाला तर जरूर पाहा. चंद्रीचं काम बघा. संवाद थोडेच आहेत. सगळे विद्वान नियमांचा कीस काढत बसलेले असताना ही बाई मुकाट्याने उठते आणि जे करायला हवं ते करून टाकते.

बंगळूरच्या तुरुंगात असं उठणारं कोणी डॉक्टर, कोणी अधिकारी, कोणी न्यायाधीश स्नेहलतांना वेळेवर भेटला असता, तर आज आपण कदाचित त्यांच्या म्हातारपणीच्या भूमिकांबद्दल बोलत असतो.